लॅटिनो स्थलांतरित शेतमजूर आणि आरोग्याला धोका देणाऱ्या सवयी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी, अमेरिकेतल्या ग्रामीण दवाखान्यांत काम करणारे मराठी डॉक्टर, नर्सेस आणि स्वयंसेवक यांना वारंवार पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी माहिती अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, शेतमजुरांबद्दलची आहे.

हे मजूर नेमके कोण?

फ्लोरिडातली संत्री आणि टोमॅटो, नॉर्थ कॅरोलायनातला तंबाखू आणि रताळी, मिशिगनमधली काकडी आणि चेरी, कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यातली स्ट्रॉबेरी, वॉशिंग्टनच्या याकिमा खोऱ्यातली सफरचंदं. जे जे हातानं तोडावं लागतं, ते तोडणारे हे लोक. अमेरिकी कामगार खात्याच्या पाहणीत दर १० पीकमजुरांपैकी सुमारे ६ जण मेक्सिकोत जन्मलेले आढळतात आणि सुमारे ४ जणांकडे कामाची कागदपत्रं नसतात. एच-टू-ए हा हंगामी व्हिसा घेऊन येणारे या पाहणीत मोजलेच जात नाहीत. २०२२ या आर्थिक वर्षात अशा ३ लाख ७० हजारांहून अधिक जागा मंजूर झाल्या होत्या.

दोन गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेले बरे. पहिला म्हणजे सगळेच पिकामागे फिरतात हा. आज बहुसंख्य मजूर वर्षानुवर्षं एकाच गावात राहतात आणि तिथल्याच शेतांवर जातात. दुसरा, लॅटिनो म्हटलं की स्पॅनिश येणारच. मेक्सिकोच्या वाहाका आणि गेरेरो प्रांतांतून आलेल्या अनेकांची मातृभाषा मिश्तेको, त्रिकी किंवा सापोतेको असते. त्यांना स्पॅनिश पत्रक देणं म्हणजे नुसती मराठी येणाऱ्या आजींच्या हाती कानडी पत्रक देणं.

‘जोखमीची सवय’ कशाला म्हणायचं?

अभ्यासांत नेहमी येणारी यादी अशी: पाणी न पिता काम करणं, फवारणी झालेल्या शेतात उघड्या हातांनी काम करणं, शनिवारी-रविवारी बेसुमार बिअर पिणं, कंडोमशिवाय संबंध, दुकानातून आणून टोचलेली इंजेक्शनं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक, सीटबेल्टचे पट्टे नसलेल्या गाडीतून प्रवास.

‘सवय’ हा शब्द मात्र जपून वापरावा, असं आम्हाला वाटतं. यातल्या बहुतेक गोष्टींमागे साधा हिशोब असतो. बादलीवर पैसे मिळत असतील तर पाण्यासाठी घालवलेली १० मिनिटं मजुराच्याच खिशातून जातात. हा हिशोब न बदलता ‘जागृती’ करणारे कार्यक्रम फारसे टिकत नाहीत. खालच्या उत्तरांत म्हणूनच जिथे जमेल तिथे मजुराला काय सांगायचं यासोबत मालकाचं आणि मुकादमाचं काय चुकतं तेही दिलं आहे.

पाणी हाताशी असूनही लोक पीत का नाहीत?

चार कारणं सतत दिसतात.

पहिलं, नगावर मजुरी. कॅलिफोर्नियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेतमजुरांचं रक्त कामाच्या पाळीच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा एका दिवसाच्या कामानंतर सुमारे १२ टक्के लोकांच्या मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याची खूण सापडली. नगावर काम करणाऱ्यांमध्ये हा धोका तासावर काम करणाऱ्यांच्या चौपटीच्या आसपास होता. कॅलिफोर्नियात २०१६ पासून नगावर काम करणाऱ्यांना विश्रांतीच्या वेळेचे वेगळे पैसे द्यावे लागतात. बहुतेक राज्यांत असा नियम नाही.

दुसरं, संडास लांब किंवा घाण. स्त्रिया तर मुद्दाम कमी पितात, आणि मग लघवीच्या जागी जळजळ, जंतुसंसर्ग. १९८७ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे २० मजुरांमागे एक संडास आणि हात धुण्याची एक जागा हवी, तीही पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत. पण हा नियम ११ किंवा जास्त मजूर असलेल्या शेतांना लागू होतो. छोट्या शेतावरचा मजूर त्यातून सुटतो, आणि हीच मोठी गळती आहे.

तिसरं कारण पाण्याची चव आणि त्यावरचा अविश्वास. उन्हात तापलेलं, क्लोरीनचा वास येणारं पाणी कोणी पीत नाही. चौथं कारण सोडा आणि एनर्जी ड्रिंक. ‘ताकद येते’ म्हणून ती पितात. त्यातली साखर आणि कॅफीन भर उन्हात पाण्याची जागा घेऊ शकत नाहीत.

किती प्यावं, आणि किती वेळानं?

दर १५ ते २० मिनिटांनी एक कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. तासाला पाऊण ते एक लिटर. तहान लागण्याची वाट पाहू नये. एका तासात सुमारे १.४ लिटरच्या वर मात्र जाऊ नये, कारण रक्तातलं मीठ धोकादायकरीत्या खाली येऊ शकतं. जेवणाची सुट्टी नीट घेतली तर वेगळ्या मिठाच्या गोळ्या लागत नाहीत.

उष्माघात कोणाला होतो? म्हाताऱ्यांना?

नाही. १९९२ ते २००६ या काळात अमेरिकेत उन्हानं मेलेल्या ६८ पीकमजुरांची नोंद आहे. त्यातले बहुतेक २० ते ५४ वयाचे. इतर सगळ्या कामगारांच्या तुलनेत हा मृत्युदर जवळपास २० पट होता. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागेत एक १७ वर्षांची गर्भवती मुलगी अशीच गेली आणि राज्यभर संताप उसळला.

सगळ्यात धोक्याचे दिवस पहिले. बाहेरच्या कामांतले निम्म्याहून अधिक उष्णतेचे मृत्यू उन्हात काम सुरू केल्यापासून पहिल्या काही दिवसांतच होतात. शरीराला सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवावं. जुना माणूस सुट्टीनंतर परतला असेल तर ५०, ६०, ८०, १०० टक्के असं चढवावं. प्रत्यक्षात होतं उलटं. नवा मजूर प्रवासाचं कर्ज डोक्यावर घेऊन येतो, त्याला मुकादमापुढे आपली चुणूक दाखवायची असते, आणि पहिल्याच दिवशी तो सगळ्यांत जास्त क्रेट भरतो.

नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात २००५ पासून नियम आहे: ८० अंश फॅरनहाइटला (सुमारे २७ सेल्सिअस) सावली उपलब्ध हवी, माणशी तासाला सुमारे एक लिटर थंड पाणी, आणि ९५ फॅरनहाइटला (३५ सेल्सिअस) शेतीकामात दर दोन तासांनी १० मिनिटं सक्तीची विश्रांती. ओरेगन आणि वॉशिंग्टनचे आपापले नियम आहेत. टेक्सासनं २०२३ मध्ये आणि फ्लोरिडानं २०२४ मध्ये नेमकी उलटी वाट धरली आणि स्थानिक संस्थांना असे नियम करण्यापासून रोखलं.

कीटकनाशकाच्या बाबतीत सर्वांत सामान्य चूक कोणती?

फवारणी करणारा काळजी घेतो आणि तोडणी करणारा घेत नाही, कारण त्याला वाटतं आपण औषधाला हातच लावत नाही. पण पानांवरचा अंश कातडीतून शरीरात जातो. लेबलवर प्रवेशबंदीचा काळ लिहिलेला असतो: ४, १२, २४, ४८ तास, काही औषधांसाठी कित्येक दिवस. तो संपेपर्यंत तोडणीसाठी आत जायचं नाही. मजुराला फलक वाचता आला नाही किंवा मुकादमानं घाई केली की इथेच घोळ होतो.

केंद्राच्या २०१५ च्या सुधारित नियमात दरवर्षी प्रशिक्षण सक्तीचं झालं (आधी ते पाच वर्षांतून एकदा होतं), आणि १८ वर्षांखालच्या मजुराला औषध हाताळायला बंदी आली. पाव मैलाच्या आत साबण, एकदाच वापरायचे टॉवेल आणि माणशी किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी ठेवावं लागतं.

वागण्यातल्या चुका बारीक दिसतात, पण त्याच महागात पडतात. संडासला जाऊन आल्यावर हात धुतले जातात, जाण्याआधी नाही. जेवणाआधी हात पँटला पुसतात. सिगारेट त्याच हातानं ओढतात. फळ शेतातच खातात. टोमॅटोचा किंवा तंबाखूचा चिकट डाग निघेना म्हणून ब्लीचनं हात चोळतात, त्यानं कातडी सोलवटते आणि औषध आणखी सहज आत शिरतं. साबण-पाण्यानं डाग राहिला तर राहू द्यावा.

घामाघूम होऊन आल्यावर लगेच अंघोळ करायला लोक का तयार नसतात?

तापलेल्या अंगावर गार पाणी घेतलं की सांधे धरतात, वात होतो, ही मेक्सिकन ग्रामीण भागातली जुनी समजूत आहे. मराठी माणसाला हे समजायला अडचण पडू नये. ‘उन्हातून आल्या आल्या गार पाणी नको’ आपल्याही घरात ऐकलेलं असतं. या समजुतीशी वाद घालत बसू नये. कोमट पाण्यानं अंघोळ करा, किंवा अर्धा तास सावलीत बसून मग करा, पण त्याआधी कामाचे कपडे आणि बूट दाराबाहेर काढा, असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. बाळाला उचलून घेणं त्यानंतर.

कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. वेगळ्या पिशवीत ठेवून गरम पाण्यात वेगळे धुवावेत, शक्य तर उन्हात वाळवावेत. मशीन सगळ्यांची सामाईक असेल तर नंतर एकदा रिकामी फिरवावी. सलिनास खोऱ्यात बर्कली विद्यापीठानं १९९९ पासून चालवलेल्या ‘चामाकोस’ अभ्यासात सुमारे ६०० गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुलं पाहिली गेली. गर्भारपणात आईच्या शरीरात ऑरगॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकांचा अंश जास्त असेल, तर मुलांची पुढे बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी कमी दिसली.

तंबाखूच्या शेतातला ‘हिरवा आजार’ म्हणजे काय?

ओल्या तंबाखूच्या पानातलं निकोटीन कातडीतून रक्तात जातं. दव पडलेल्या सकाळी किंवा पावसानंतर हे सर्वांत जास्त. काही तासांत मळमळ, ओकाऱ्या, चक्कर, डोकेदुखी सुरू होते, आणि रात्रभर माणूस जेवत नाही, झोपत नाही. एक-दोन दिवसांत उतरतं. नॉर्थ कॅरोलायनात थॉमस आर्क्युरी आणि सारा क्वांट यांच्या गटानं यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या एका पाहणीत एका हंगामात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मजुरांना हा त्रास झाला होता. तंबाखू ओढणाऱ्यांना तो कमी होतो, कारण शरीराला निकोटीन सरावाचं असतं. म्हणून काही जण मुद्दाम सिगारेट सुरू करतात, हा उपाय मात्र रोगापेक्षा वाईट.

उपाय रेनकोटचा, पण रेनकोट घालून भर उन्हात काम केलं तर उष्माघात. मध्यम मार्ग असा: पानं ओली आहेत तोवर पाणी न शिरणारा सूट आणि हातमोजे, पानं वाळली की सूट काढायचा आणि कोरडा शर्ट चढवायचा. म्हणजे पिशवीत एक जादा शर्ट. सर्वांत स्वस्त उपाय मालकाच्या हातात असतो, तो म्हणजे दव सुकल्यावर काम सुरू करणं.

उष्माघात, कीटकनाशकाची बाधा आणि हिरवा आजार वेगळे कसे ओळखायचे?

तिन्हींत मळमळ आणि चक्कर असते, आणि अनेकदा सगळ्यांना ‘ऊन लागलं’ म्हणून घरी पाठवलं जातं.

माणूस असंबद्ध बोलतो, अडखळतो, अंग भाजल्यासारखं तापलेलं आहे: उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. ९११ या अमेरिकेतल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन, सावली, कपडे सैल, मिळेल त्या थंड पाण्यानं आणि बर्फानं अंग भिजवणं, गाडी येईपर्यंत न थांबता.

बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, लाळ, डोळ्यांतून पाणी, जुलाब, छातीत घरघर: ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट कीटकनाशकाची बाधा. कपडे उतरवून साबण-पाण्यानं किमान १५ मिनिटं धुवा, स्वतः हातमोजे घालून. कीटकनाशकाचं लेबल किंवा त्याचा फोटो रुग्णासोबत पाठवा. ॲट्रोपिन या उताऱ्याचा निर्णय डॉक्टर लवकर घेऊ शकतात ते त्यामुळेच. विषबाधा केंद्राचा फोन १-८००-२२२-१२२२, दुभाषी मिळतो.

शुद्धीवर आहे, पांढराफटक, सारखा ओकतोय आणि सकाळी ओल्या तंबाखूत होता: हिरवा आजार. शंका असेल तर जास्त वाईट तेच धरून चालावं.

दारूचं प्रमाण खरंच इतकं आहे का?

सरासरी काढली तर चित्र फसवं येतं. पुष्कळ मजूर अजिबात पीत नाहीत. जे पितात ते बहुधा सोमवार ते शुक्रवार पीत नाहीत आणि पगाराच्या संध्याकाळी एका बैठकीत ८-१० बिअर संपवतात. बायकामुलं दूर, कॅम्प गावापासून १५-२० किलोमीटर, गाडी नाही, करमणूक नाही. एका खोलीत सहा-आठ पुरुष असतील तर न पिणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं.

म्हणून ‘रोज पिता का?’ हा प्रश्न निरुपयोगी. उत्तर नाहीच येणार. विचारावं: ‘गेल्या ३० दिवसांत एकाच बैठकीत ५ किंवा जास्त बिअर किती वेळा झाल्या?’ ३५५ मिलिलिटरचा ५ टक्क्यांचा एक डबा हे एक माप. पुरुषांत ५, स्त्रियांत ४ मापं साधारण दोन तासांत म्हणजे अतिमद्यपान. सल्लाही त्याच भाषेत हवा: दोन डब्यांमध्ये एक बाटली पाणी, आधी जेवण, गाडी कोणी चालवायची ते आधीच ठरवणं. पिऊन गाडी चालवताना पकडलं जाणं कागदपत्रं नसलेल्यासाठी थेट हद्दपारीकडे नेऊ शकतं, आणि हे कारण यकृतापेक्षा लवकर पटतं. सोमवारी सकाळी अर्धवट सुकलेल्या शरीरानं उन्हात उतरणं हा वेगळाच धोका.

लैंगिक आरोग्याबद्दल काय विचारावं?

लग्न झालंय का, यावर थांबू नये. महिनोन्महिने एकटे राहणारे पुरुष, कॅम्पवर येणाऱ्या वेश्या, पुरुषा-पुरुषांतले संबंध, ज्यांना ते स्वतः तसं नाव देत नाहीत, हे सगळं असतं. ‘तुम्ही समलिंगी आहात का’ असं विचारलं तर दार बंद. ‘पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी?’ हे सरळ विचारावं. प्रयोगशाळेतली प्रतिजन-प्रतिपिंड चाचणी संसर्गानंतर १८ ते ४५ दिवसांत एचआयव्ही पकडते, म्हणून कालच्या घटनेसाठी आजची चाचणी पुरत नाही. ७२ तासांच्या आत आलेल्याला मात्र प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात. घरी परतण्याआधी तपासणी करून घ्या, हा सल्ला बायकोच्या काळजीपोटी सहज मान्य होतो.

इंजेक्शनं आणि दुकानातली औषधं?

इथे नशेच्या सुईपेक्षा जीवनसत्त्वांची सुई जास्त आढळते. ‘गोळीपेक्षा सुई जोरदार’ हा विश्वास, दवाखान्याचा खर्च, आणि ओळखीतली एखादी टोचणारी बाई. सुई उकळून पुन्हा वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका राहतोच. एक माणूस, एक सुई, एक सिरिंज.

मेक्सिकन किराणा दुकानांत चोरून मिळणाऱ्या औषधांत मेटामिझोल असतं. अमेरिकेत ते १९७७ पासून बंद आहे, कारण क्वचित ते पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटवतं. आपल्याकडे हेच ॲनाल्जिन. ताप आणि घसा सुजलेला रुग्ण आला तर हे विचारायलाच हवं.

मुलांचं पोट ‘अडलं’ की देतात ती पुडी सर्वांत घातक. नारिंगी भुकटीला ‘अझार्कोन’ म्हणतात, पिवळीला ‘ग्रेता’. मराठी वाचकाला सोपं सांगायचं तर पहिली म्हणजे शेंदूर, दुसरी म्हणजे मुरदाडशिंग. दोन्ही शिशाचेच, आणि त्यांत ९० टक्क्यांपर्यंत शिसं असू शकतं. मुलाची रक्तातल्या शिशाची तपासणी त्याच दिवशी करावी. आईला रागावू नये, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

गाडीतला प्रवास यात का मोजतात?

१९९९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात टोमॅटोच्या मजुरांची व्हॅन अपघातात सापडली आणि १३ जण गेले. आत खुर्च्यांऐवजी बाकं होती. त्यानंतर तिथे शेतमजुरांच्या गाड्यांत प्रत्येकाला पट्टा सक्तीचा झाला. ‘रायतेरो’ म्हणजे पैसे घेऊन नेणारा चालक. तो पहाटे तीनला उठलेला असतो आणि दिवसभर तोडणी करून तोच परत नेतो.

कागदपत्रं नसतील तर उपचार मिळतात का?

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला १९८६ च्या कायद्यानं पैसे किंवा नागरिकत्व न पाहता तपासून रुग्ण स्थिर करावाच लागतो. साध्या आजारासाठी १९६२ च्या स्थलांतरित आरोग्य कायद्यातून उभे राहिलेले सामुदायिक दवाखाने आहेत. तिथे फी उत्पन्नाप्रमाणे कमी होते. कागदपत्रांबाबतचा नियम २०२५ मध्ये बदलण्याचा प्रयत्न झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं, म्हणून रुग्णाला पाठवण्याआधी त्या दवाखान्याला फोन करा. संध्याकाळी ७ नंतर किंवा रविवारी उघडा असतो का, हेही विचारा. दुपारी ३ ची अपॉइंटमेंट म्हणजे दिवसाची मजुरी बुडणं.

दुभाषी म्हणून मुलांना बसवू नये. बारा वर्षांच्या मुलीसमोर बाप गुप्तरोग सांगत नाही.

ऊसतोड कामगारांशी तुलना योग्य आहे का?

काही बाबतींत नेमकी. उचल, टनावर मजुरी, खाडा पडला की दंड, फडात संडास नाही. बीडमध्ये २०१९ साली उघड झालेल्या गर्भाशय काढण्याच्या प्रकारांकडे कोणी ‘बायकांची सवय’ म्हणून पाहिलं नाही, ते योग्यच झालं. फरक असा की ऊसतोडीला बहुधा जोडपं जातं, म्हणूनच एका जोडप्याला एक कोयता म्हणतात. अमेरिकेतल्या एच-टू-ए कॅम्पवर बहुधा एकटे पुरुष असतात, त्यामुळे दारूचं आणि एकटेपणाचं चित्र वेगळं.

शेतात कोणी कोसळलं तर ९११ ला काय सांगायचं?

शेताला पत्ता नसतो, आणि वेळ इथेच जातो. त्या दिवशी कोणत्या दोन रस्त्यांच्या जवळ काम आहे ते मुकादमानं सकाळीच सगळ्यांना सांगावं. फोन करणाऱ्यानं आधी ‘स्पॅनिश’ एवढा एकच शब्द म्हणावा, दुभाषी जोडला जातो. मिश्तेको किंवा त्रिकी बोलणाऱ्यानं आपल्या भाषेचं नाव सांगावं. मग रस्त्यांची नावं, किती जण आजारी, शुद्धीवर आहेत का. फोन ठेवायचा नाही. एक जण रुग्णाजवळ, दुसरा पाण्याचा कॅन घेऊन येतो, आणि तिसरा शेताच्या तोंडाशी रस्त्यावर उभा राहून शर्ट हलवतो.